सुवार्ताचं लग्न अन् पेपर

आमचं मिशनचं कॉलेज कसं टिकलं, ते ऐका. सौंसरले चर्चच्या हॉलात ते भरे, अन् पहिल्या वर्गात आम्ही पाचच पोरी. छप्पन साली राज्यांची वाटणी झाली, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, आपण मध्यप्रदेशात राहिलो. त्या गडबडीत परीक्षेची तारीख सरकली अन् नेमकी आमच्या पाचातल्या सुवार्ताच्या लग्नाच्या दिवशी आली. एक जरी पोरगी गैरहजर राहिली, तर कॉलेजले मंजुरी भेटणार नव्हती. प्रिन्सिपल बाई रडकुंडीले आल्या.

सुवार्ता म्हणाली, "बाई, अकराले लग्न लागू द्या. दोनले मी पेपरले बसतो."

लग्न लागलं, अन् ती लग्नाच्या साडीतच बाकावर येऊन बसली. लोधीखेड्याचं वऱ्हाड बाहेर खोळंबलं. नवरदेवाचे काका खिडकीतून ओरडले, "सूनबाई, लोकं निघून राहिले, अन् तू लिहून काय राहिली?"

"काकाजी, लग्न तं झालं, ते काही पळून नाही जात. पेपर पाचले संपते."

पाचले ती बाहेर आली. नवरदेव उठला. "चलायचं?"

"उद्या इतिहासाचा आहे."

तो काकाले म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं. मी थांबतो."

शेवटच्या पेपरापर्यंत तो चर्चच्या ओसरीत मुक्कामाले होता, अन् कॉलेजले मंजुरी भेटली.