कथेत कडी नाही

ग्वेन : थांब, थांब. हा फोन कुठून आला?

वर्ना : कुठला फोन?

ग्वेन : आत्ता वाचलास तो. ‘इतक्यात फोन वाजला. शेजारची इंगा होती.’ परवा लेखनवर्गाच्या गोलात वाचलंस तेव्हा ही इंगा नव्हती.

वर्ना : नव्हती. आता आहे.

ग्वेन : झकास! म्हटलं नव्हतं मी? आता कसं पटतं. अगं, एक बाई बाथरूममध्ये पाय घसरून पडते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फरशीवर तशीच पडून राहते आणि तिला कुणाचा साधा फोन येऊ नये? वाचणाऱ्याच्या गळी उतरत नाही ते. निवेदिकेला जगात एक तरी माणूस द्यायलाच हवा होता.

वर्ना : दिला.

ग्वेन : नावही छान शोधलंस. मिनेसोटात असल्या इंगा गल्लोगल्ली असतील.

वर्ना : आमच्या गल्लीत नाही.

ग्वेन : बरं, जरा इकडे ये. ही पाठीची चेन वर ओढ. माझा हात पोचत नाही.

वर्ना : श्वास आत घे. अजून. हं, झाली. टल्साला घरी ही चेन कोण लावून देतं तुला?

ग्वेन : टल्साला मी असले कपडे घालतच नाही. हा झगा पोर्तुगालच्या सहलीसाठी घेतला, तो बॅगेतच राहतो. घरी कुणाला दाखवू, फ्रिजला? तू काय घालणार आहेस आज? शेवटचं वाचन आहे, तो राखाडी स्वेटर नको हं.

वर्ना : राखाडी स्वेटरच आणलाय.

ग्वेन : देवा! मेक्सिकोत, वाहाकात येऊन राखाडी.

वर्ना : तू परवा काय म्हणालीस ते मी लिहून ठेवलंय.

ग्वेन : कशाबद्दल?

वर्ना : माझ्या त्या बाईबद्दल. ‘इतकं कुणीच एकटं नसतं.’

ग्वेन : असं म्हणाले मी? जरा फटकळपणाच झाला.

वर्ना : नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्या निळ्या पायपुसण्यावर चर्चा झाली.

ग्वेन : ते पायपुसणं मात्र अप्रतिम! ती गाल टेकवून त्याचे दोरे बघत पडते, तिथं मला समुद्रच दिसला.

वर्ना : तुला समुद्र, कुणाला आकाश. गटातल्या त्या डेलला तर देवाच्या आईचा पदर दिसला. पायपुसणंच होतं गं ते.

ग्वेन : मग सांगायचंस तसं.

वर्ना : कसं सांगणार? ज्याचं लिखाण त्यानं गप्प बसायचं. वर्ग घेणाऱ्या सिबिलबाईंचा नियम.

ग्वेन : आणि बाकीच्यांनी त्याला ‘तू’ म्हणायचं नाही, ‘निवेदिका’ म्हणायचं. चांगला नियम आहे बरं का. पोर्तुगालला नव्हता असला काही. तिथं एकीनं नवऱ्यावर लिहिलं, तर अर्धा गट तिला वकील शोधून द्यायला निघाला. लिखाण राहिलं बाजूला.

वर्ना : सापडला का वकील?

ग्वेन : कुणाला ठाऊक. कोण आहे दारात?

फेर्मिन : मी फेर्मिन. दोन्या ग्वेन, माफ करा हं. दोन्या वर्ना आहेत ना आत? खाली कॉफीला बारा जणच भरले. पुन्हा पुन्हा मोजले, दोन कमी.

ग्वेन : त्या दोन ‘दोन्या’, म्हणजे बाईसाहेब, आम्हीच. आत या, बघून घ्या, हात लावून खात्री करा.

फेर्मिन : नको, नको, दिसलात, पुरे. मला वाटलं, परत त्या तळलेले टोळ विकणाऱ्या बाईपाशी हरवलात की काय.

ग्वेन : एकदा चुकलं माणूस, तर किती दिवस ऐकवाल?

फेर्मिन : उद्या विमानात बसेपर्यंत. गाइडचं दुसरं काम काय असतं? माझी बायको म्हणते, तू घरी जेवायला बसलास तरी आधी पोरं मोजतोस.

वर्ना : उद्या विमानतळावर पण मोजणार?

फेर्मिन : शेवटचं मोजणं तिथंच, दोन्या वर्ना. चौदाच्या चौदा काचेपलीकडे गेले की मी सुटलो. घरी जाऊन दोन दिवस झोपणार. मग कॅनडाचे लोक येतायत, चित्रं काढणारे.

वर्ना : आणि काचेपलीकडे?

फेर्मिन : तिथून पुढे ज्याचं त्यानं, दोन्या. चला, या लवकर. गच्चीवर खुर्च्या मांडल्यात. सिबिलबाई तुमच्या नावाची चौकशी करतायत.

ग्वेन : आलोच, आलोच. जा तुम्ही. हुश्श! डोकं खातो नुसतं. शाळेच्या सहलीला आल्यासारखं वाटतं.

वर्ना : मला आवडतं. कॉफीला गेलो नाही, तर लगेच दार वाजलं.

ग्वेन : कामच आहे त्याचं ते.

वर्ना : माझंही तेच होतं. रस्ते खात्यात होते ना मी, ड्यूलूथला. बर्फ काढणाऱ्या गाड्या बाहेर पडल्या की मी वायरलेसवर. थोड्या थोड्या वेळानं एकेकाला हाक मारायची. ‘चार नंबर, आहेस का?’ तो म्हणायचा, ‘आहे.’ ‘सात नंबर, आहेस का?’ ‘आहे.’ बास. जास्त बोलायचं नाही.

ग्वेन : आणि कुणी बोललंच नाही तर?

वर्ना : दुसरी हाक. त्यालाही उत्तर नाही, तर जवळची गाडी तिकडे वळवायची. बहुतेक वेळा डुलकी लागलेली असायची, मग शिव्या खायचा माझ्या. सात नंबर मात्र एकदा खरंच खड्ड्यात उलटला होता. मी दोनदाच हाक मारली आणि माणसं पाठवली. वाचला. अजून नाताळला कार्ड पाठवतो.

ग्वेन : अगं, मग हे लिहायचंस ना! हे सोडून ते बाथरूम कशाला लिहीत बसलीस?

वर्ना : मी लिहायला आलेच नव्हते, ग्वेन.

ग्वेन : म्हणजे?

वर्ना : जाहिरातीत होतं, छोटा गट, गाइड पूर्ण वेळ सोबत, खोलीत जोडीदारीण. मी तेवढंच वाचलं. लिखाण आहे हे इथं आल्यावर नीट कळलं.

ग्वेन : आणि जोडीदारीण म्हणून मी पदरात पडले.

वर्ना : तीही जाता जाता राहिली.

ग्वेन : म्हणजे काय?

वर्ना : दुसऱ्याच दिवशी तू खोली बदलून मागितलीस.

ग्वेन : सिबिलनं सांगितलं तुला?

वर्ना : गोड शब्दांत. ‘ग्वेनला जरा एकांत हवा होता, पण खोली रिकामी नाही.’

ग्वेन : अगं, तसं नव्हतं ते. तुझ्याबद्दल तक्रार नव्हती. म्हणजे, तुझ्याबद्दलच होती, पण… तू बाथरूमचं दार लावत नाहीस, वर्ना! दात घासतेस तरी उघडं, आंघोळ करतेस तरी उघडं. चार बोटं फट असतेच. मी बापडी इथं पलंगावर खिडकीकडे तोंड करून बसते. आधी वाटलं, विसरलीस. मग वाटलं, मिनेसोटाची रीतच असेल.

वर्ना : मिनेसोटात लावतात.

ग्वेन : मग तू का नाही लावत?

वर्ना : तिनं लावलं होतं ना.

ग्वेन : कुणी?

वर्ना : निवेदिकेनं. घरात एकटी, तरी आतून कडी. नवरा होता तेव्हाची सवय. आणि पडली ती दाराशीच. कडी वर, ती खाली. हात कितीही ताणला तरी वीतभर कमी पडायचा.

ग्वेन : एक मिनिट. कथेत कडी कुठं आहे?

वर्ना : कथेत कडी नाही.

ग्वेन : पायपुसणं आहे, टपटपणारा नळ आहे, टबाखाली गेलेली साबणाची वडी आहे. कडी नाही. मी नीट ऐकलं होतं.

वर्ना : तेवढी मी घातली नाही. बघ, रताळीवाला आला गल्लीत. गाडीची वाफेची शिट्टी ऐकलीस? आठवडा झाला, अजून दचकते मी.

ग्वेन : वर्ना, इंगा कोण आहे?

वर्ना : कुणी नाही. तू म्हणालीस एक तरी माणूस हवा, म्हणून केली.

ग्वेन : अरे देवा.

वर्ना : बस ना. उभी का तू?

ग्वेन : तू पडली होतीस. तू.

वर्ना : नियम मोडतेयस.

ग्वेन : खड्ड्यात गेला नियम. कधी?

वर्ना : जानेवारीत.

ग्वेन : आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, हे पटत नाही. इतकं कुणी… वर्ना, मला मेल्यासारखं झालंय.

वर्ना : तू लिखाणाबद्दल बोललीस. चुकलं नाही काही. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. इतकी माणसं माझ्या पडण्याबद्दल बोलत होती, तीही किती वेळ. गप्प बसून ऐकत होते. फक्त वाटलं होतं, कुणीतरी विचारेल.

ग्वेन : काय?

वर्ना : लागलं का म्हणून.

ग्वेन : लागलं का?

वर्ना : घोटा सुजला. कंबर काळीनिळी झाली. हाड नाही मोडलं.

ग्वेन : बाहेर कुणी काढलं?

वर्ना : मीच. दुसऱ्या दिवशी पायात जरा जीव आला, टबाला धरून उठले. कडी काढली. कॉफी केली.

ग्वेन : कॉफी!

वर्ना : थंडी वाजत होती.

ग्वेन : आणि खरंच एकही फोन नाही?

वर्ना : एक आला होता. स्वयंपाकघरात वाजत होता. मला इतका आनंद झाला, मी ओरडले, आले, आले म्हणून. मग निरोपाच्या मशीनवर आवाज उमटला. वाचनालयाचा, रेकॉर्ड केलेला. ‘आपण मागवलेलं पुस्तक आलं आहे.’

ग्वेन : कुठलं पुस्तक?

वर्ना : उतारवयात तोल सांभाळायचे व्यायाम.

ग्वेन : काहीतरीच.

वर्ना : शपथ.

ग्वेन : हसू नकोस. वर्ना, हसू नकोस गं, मलाही येतंय.

वर्ना : हस की. मी तेव्हाही हसले होते. फार दुखलं हसताना.

ग्वेन : मुलाला सांगितलंस?

वर्ना : कर्टिस रविवारी फोन करतो. मी पडले मंगळवारी. रविवारी त्यानं विचारलं, ‘काय, कशी आहेस?’ मी म्हटलं, ‘ठीक.’ तोवर ठीकच झाले होते मी.

ग्वेन : म्हणजे अजून कुणालाच माहीत नाही?

वर्ना : गोलात सांगितलं ना सगळ्यांना. त्यांनी निवेदिकेचं ऐकलं. माझं असं कुणी ऐकलं नाही.

ग्वेन : दे तो कागद. ही इंगा काढून टाक. वाचनालयाचा फोन घाल, कडी घाल, आणि वाच आज.

वर्ना : पटायचं नाही त्यांना.

ग्वेन : न पटो. वाचून झालं की पहिली मी बोलणार. ‘तू’ म्हणून बोलणार. सिबिलला काय आकांडतांडव करायचं ते करू दे. आणि हे बघ, घरी गेल्यावर मी तुला रोज सकाळी फोन—

वर्ना : नको म्हणूस.

ग्वेन : का?

वर्ना : पोर्तुगालच्या बायकांना तू किती फोन केलेस?

ग्वेन : नंबर आहेत सगळ्यांचे.

वर्ना : ते नाही विचारलं.

ग्वेन : एकीलाही नाही. त्यांनीही नाही केले. विमानतळावर गळ्यात गळे घालून रडलो होतो आम्ही. मग घरी जाऊन बॅग टेकवते, तर घर इतकं गप्प असतं ना, वर्ना. मी कोट अंगात तसाच ठेवून पुढची सहल शोधायला बसते.

वर्ना : म्हणून म्हणते, नको म्हणूस. वाट बघत बसेन मी. फोन वाजला की आधीच धावते.

ग्वेन : बरं. नाही म्हणत.

वर्ना : चल, तोंड धुऊन येते. तो परत मोजायला लागला असेल खाली.

ग्वेन : वर्ना, दार लाव.

वर्ना : विसरलेच बघ. तुला त्रास होतो.

ग्वेन : माझ्यासाठी नाही म्हणत. लाव. कडी घाल आतून. मी इथं दाराला टेकून बसते.

वर्ना : झगा चुरगळेल.

ग्वेन : चुरगळू दे. लाव तू.

वर्ना : लावली.

ग्वेन : ऐकू आली… वर्ना?… वर्ना, अगं… सात नंबर, आहेस का?

वर्ना : आहे. नळ चालू होता.