दामूशेठचं व्रत कुणी मोडलं?

मंडळी, आज आधी तुम्हालाच एक प्रश्न! नुसत्या माना डोलवू नका, उत्तर द्या! एखाद्यानं देवाला शब्द दिला, आणि तो दुसऱ्या कुणी मोडला — फसवून मोडला! — तर पाप कुणाला? काय म्हणता काकू? मोडणाऱ्याला? थांबा, घाई नको! ऐका!

वाईत, कृष्णेच्या घाटाजवळ, दामूशेठ तांबोळकरांचं पेढ्यांचं दुकान. पेढे असे, की समोरून जाणाऱ्याची पावलं आपोआप वळायची. आणि शेठ स्वतः? दुकानाची चालतीबोलती जाहिरात! जाहिरातीला मधुमेह, जाहिरातीला ब्लडप्रेशर! सकाळी साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी, आणि मग दिवसभर ‘जरा चव बघतो’! डॉक्टर मेहेंदळे सांगून सांगून थकले. शेठ हसून म्हणायचे, "बघू की!" हसू नका मंडळी, तुमच्याही घरात एक ‘बघू की’ आहे!

एकदा पुण्याहून जावई आला, सुहास. चांगला सडपातळ झालेला! शेठ म्हणाले, "जावईबापू, हे कसं काय?"

"मामा, केटो. भात, पोळी, साखर बंद. पनीर, तूप, लोणी, पालेभाज्या. बाहेरून साखर मिळेना, की शरीर साठवलेली चरबी जाळायला लागतं."

तूप-लोणी खाऊन बारीक व्हायचं! शेठना वाटलं, देव पावला! तडक घाटावर गेले, ओंजळीत पाणी घेतलं, "कृष्णामाई, आजपासून भात, पोळी, भाकरी, साखर, गूळ — सगळं सोडलं!" जावई मागून धावतोय, "मामा, अहो तुम्हाला गोळ्या चालू आहेत! आधी डॉक्टरांना विचारा!" शेठ म्हणाले, "विचारतो की!"

विचारलं? छे! मनात काय होतं सांगू? बारीक व्हायचं, आणि मग एकदम डॉक्टरांच्या दारात जाऊन उभं राहायचं — "ओळखलंत का?" लहान पोरासारखी हौस हो! त्या हौसेपायी माणूस गप्प बसला.

आणि व्रत कडक! सत्यनारायणाचा शिरा आला, शेठनी नुसता कपाळाला लावला. बायको अनसूयाबाई म्हणाल्या, "अहो, प्रसादाला कुणी नाही म्हणतं?" हे म्हणाले, "शब्द दिलाय!" आणि त्याच आठवड्यात खोकला झाला, तेव्हा औषधाची बाटली काढून झाकणं भरभरून प्यायले! त्या औषधात काय होतं? साखरेचा पाक, मंडळी! देवाचा शिरा नको, बाटलीतला पाक चालतो! पुण्याला परत जाताना सुहासनं बजावलेलं, "मामा, औषधाची, पावडरीची बाटली आधी वाचत जा, साखर तिथंही लपते." पण वाचतो कोण? औषध म्हटलं की शेठ डोळे मिटून तोंड उघडायचे. औषधाला कधी नाही म्हटलं नाही हा माणूस!

आता नीट ऐका! साखरेची गोळी काय करते? रक्तातली साखर खाली ओढते. पण मालकानं ताटातनं भात-पोळी काढून टाकलीय, हे त्या गोळीला कोण सांगणार? तिचं ओढणं चालूच!

एक दिवस दुपारी, दुकानात गर्दी. शेठच्या हाताला कापरं. अंगाला दरदरून घाम. गिऱ्हाईकानं अर्धा किलो मागितले, तर त्याच्यावरच ओरडले! आयुष्यात कधी आवाज न चढवणारा माणूस! मग मटकन खाली बसले. अनसूयाबाई धावत आल्या. त्या माउलीनं ओळखलं, मधुमेहाच्या घरात राहिलेली बाई! ताटातला पेढा उचलला, तोंडाशी नेला —

शेठनी दात आवळले! "नाही! शब्द दिलाय!"

बघा मंडळी, काय प्रसंग! चहूबाजूंना पेढ्यांची ताटं, आणि मधे साखरेवाचून माणूस चाललाय! "अहो, खा हो, तुमच्या पाया पडते!" मान हलते, नाही! डोळे फिरायला लागले. कुंकू पुसायची वेळ समोर उभी!

बाई उठल्या. भांड्यात साखर ओतली, पाणी ओतलं, खळखळून ढवळलं. फळीवरचं खोकल्याच्या औषधाचं झाकण घेतलं, काठोकाठ भरलं, आणि दरडावून म्हणाल्या, "औषध आहे! डॉक्टरांनी दिलंय! उघडा तोंड!"

आणि तोंड उघडलं! एक झाकण! गिळलं. दुसरं! गिळलं. तिसरं! हळूहळू नजर स्थिर झाली, शेठनी ओठ चाटले, म्हणाले, "हे गोड आहे." बाई म्हणाल्या, "असू दे! प्या!"

रिक्षा करून थेट दवाखान्यात. डॉक्टर मेहेंदळे सगळं ऐकून कपाळाला हात लावून बसले. "शेठ, खाणं पार उलटं केलंत आणि गोळ्या तशाच? या खाण्यानं साखर उतरते, अंगातलं पाणी-मीठ जातं, रक्तदाबही उतरतो. मला कळलं असतं तर गोळ्या कमी केल्या असत्या, रोज साखर तपासायला लावली असती. आता गोळीचा जोर ओसरेपर्यंत इथंच राहायचं."

डॉक्टर गेले. शेठ बायकोकडे बघून म्हणाले, "तू माझं व्रत मोडलंस."

बाई म्हणाल्या, "मोडलं. खोटं बोलून मोडलं. नरकात जायचं तर मी एकटी जाईन. पण आज तुम्हाला घेतल्याशिवाय घरी जायचं नव्हतं मला." दामूशेठ हमसून हमसून रडले हो!

आता सांगा काकू, पाप कुणाला? त्या माउलीला पाप लावील असा देव मला तरी ठाऊक नाही!

मंडळी, पथ्य करा, व्रत करा, खुशाल करा! पण आत्ता इथं बसलेल्यांपैकी किती जणांच्या कपाटात चूर्ण आहे, काढा आहे, पावडर आहे, कुणाला न सांगता बदललेलं खाणं आहे? हात वर करू नका, मला चेहऱ्यावर दिसतंय! आणि घाबरून मनानं गोळी बंद करू नका, तोही आगाऊपणाच! उद्या सकाळी उठा, सगळं पिशवीत भरा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता. लाजू नका! अहो, देवाला न सांगता सगळं कळतं. डॉक्टरला नाही कळत — त्याला सांगावं लागतं!