मोहिनीविद्येचं पुस्तक

एका चहावर माझी अब्रू काढायला बसलात, ऐका मग. शाळा चौथीत सुटली, तरी त्र्यंबकच्या जत्रेत घेतलेलं मोहिनीविद्येचं पुस्तक मी बोट फिरवत पुरं वाचलं. समोरच्याच्या कपाळाकडं पापणी न हलवता बघा, तो तुमचंच ऐकतो, असं त्यात होतं.

पुढं ओझरला पोरगी बघायला गेलो. शांता मनात भरली, पण होकार तिच्या थोरल्या भावाच्या हातात. म्हणून पोहे सोडून त्याच्याच कपाळावर नजर रोखली. डोळ्यांतून पाणी आलं, पण हललो नाही.

शेवटी भाऊ उठला. मला वाटलं, विद्या लागू पडली! तो आमच्या बापाला म्हणाला, "पोरगं डोक्यानं जरा कमीच दिसतंय. पण आमची शांता खमकी हाय, घेईल सांभाळून."

लग्न झालं, नातवंडं झाली. त्या बोलण्याची माफी अजून ज्यानं मागितली नाय, तो आमचा मेहुणा निवृत्ती.