मधली वर्षं

गाडीच्या शोरूममध्ये माझ्या शेजारी एक मुलगा नि त्याची म्हातारी आई नव्या गाडीच्या किल्लीची वाट बघत बसले होते. समोरच्या भिंतीवर कंपनीचा इतिहास फोटोंतून मांडला होता.

“आई, हा बघ पहिला कारखाना. ही शर्यत जिंकलेली गाडी. उगीच नाही जगभर नाव!”

“ही गाडी दुसऱ्या महायुद्धाआधीची. तिच्या शेजारची एकदम युद्धानंतरची. मधली वर्षं कुठे गेली?”

“युद्धात कारखाना बंद असेल गं.”

“बंद? मग माझे बाबा तिथे काय माशा मारत होते?”

“आजोबा? या कंपनीत नोकरीला होते?”

“नोकरी कसली! सैनिकांनी घरातून उचलून नेलं होतं, तिथे लष्कराचे ट्रक बनवायला. पगार म्हणजे पाण्यासारखं सूप आणि पाठीत दांडा.”

“म्हणून या कंपनीची टॅक्सी आली की ते सोडून द्यायचे?”

“आणि तुम्ही पोरं हसायचात. म्हातारा चक्रम आहे म्हणून.”

“अगं, मग हे आत्ता सांगतेस? गाडी घेऊन झाल्यावर?”

“तू मला रंग विचारलास. मी रंग सांगितला.”

तेवढ्यात सेल्समन हसत आला.

“अभिनंदन साहेब, ही तुमची किल्ली! आजी, आमच्या कंपनीच्या कुटुंबात तुमचं स्वागत!”

“स्वागत कसलं करतोस बाळा, आम्ही घरचेच. माझ्या बाबांना तुमची माणसं रोज रात्री कोंडून बाहेरून कुलूप घालायची. किल्ली तेवढी आज मिळतेय.”