ओलं फडकं

मंडळी, तुम्ही सगळे कामधंदे टाकून रंजूच्या शोकसभेला आलात. रंजूच्या माहेरचे लोक तर बोरी अरबवरून पहाटेच निघाले. मी रंजूची मोठी जाऊ. सभेत बोलायची मला सवय नाही. तरी बोलते. जे सांगायचं आहे ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

जावा-जावा उभा दावा म्हणतात. आमचाही होता. भाजीत मीठ कमी का, नळावर कोण जाणार, सगळ्यावरून होता. पण बाहुली करायला बसलो की दावा बंद. डोकं आणि हात तिचे, धड माझं. ती रद्दी भिजवून कुटायची. त्यात डिंक, खडूची पूड आणि कीड लागू नये म्हणून मेथीची पूड घालून कणकेसारखा लगदा मळायची. त्यातून तोंड घडवायची. मी जुन्या धोतराचं अंग शिवायचे, आमच्याच वावरातला कापूस भरायचे, लुगडं नेसवायचे.

तुम्ही वणीचे. इथली खाणीवरून येणारी कोळशाची भुकटी तुम्हाला काय सांगायची? ओलं तोंड ओट्यावर ठेवलं की संध्याकाळपर्यंत काळं. उन्हात ठेवलं तर तडकतं. म्हणून आमचं काम मागच्या खोलीत, खिडकी लावून. आणि तोंड अर्धं राहिलं की त्यावर ओलं फडकं टाकायचं. फडकं वाळलं की लगदा वाळला. मग त्यावर नवा लगदा नीट धरत नाही.

यावेळी ती माझं तोंड करत होती.

मी म्हटलं, "काहून वो रंजू? माझं तोंड कोन पाहीन? नवरी कर, राणी कर."

ती म्हणाली, "तुम्ही गप बसा ताई. मान हालवू नोका. मले तुमच्या कपाळावरची आठी पाह्यजे."

आणि बघत राहायची. बोट लगद्यावर, नजर माझ्यावर. या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून मला असं निरखून कोणी पाहिलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही. हसू नका, खरं सांगते.

त्या सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. भाऊजींनी, तिच्या नवऱ्यानं, गाडी काढली. गाडीत बसता बसता ती मला म्हणाली, "ताई, तेवढं फडकं ओलं ठेवजा. वाळू देऊ नोका. येतोच मी सांजच्याले."

यवतमाळचा दवाखाना यायच्या आधीच ती गेली.

मी फडकं ओलं ठेवलं. रोज ठेवलं. तिला दारातून उचललं तेव्हा बायका रडत होत्या, आणि मी मागच्या खोलीत जाऊन फडक्यावर पाणी शिंपडत होते. तेरवीच्या दिवशी पंगत बसली, तेव्हाही जाऊन आले. कशासाठी? तिनं सांगितलं होतं म्हणून. फडकं ओलं आहे तोवर काम चालू आहे. काम चालू आहे तोवर रंजू कुठे गेली? बाहेर गेली आहे. येईल. तुम्ही याला वेड म्हणा, माझी हरकत नाही.

काल भाऊजी दारात उभे राहिले. खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, मांगच्या खोलीत वास येऊन राह्यला."

मी म्हटलं, उंदीर मेला असंल. खोटं बोलले. मला ठाऊक होतं. शेवटी कागदच तो. मेथी किती दिवस पुरणार? मी फडकं उचललं. कपाळावर हिरवी बुरशी. त्या आठीत बुरशी. डोळ्यांच्या जागी तिनं अंगठ्यानं दाबून दोन खड्डे केले होते, त्यात तिच्या अंगठ्याच्या रेषा दिसायच्या. आता दिसत नाहीत.

मघाशी कोणी म्हणालं, ती तिच्या बाहुल्यांत जिवंत आहे. राग मानू नका, पण बाहुल्या कपाटात आहेत. मी एकेक हातात घेऊन पाहिली. रंजू एकीतही नाही. मी शिवलेली धडं टोपलीत पडली आहेत, बिनडोक्याची. त्यांचं काय करू? मला तोंड घडवता येत नाही. आणि माझ्याकडे बघून माझं तोंड घडवणारं तर आता कोणीच नाही.

आज इथे यायच्या आधी मी ते फडकं काढलं. धुऊन दोरीवर टाकलं. खिडकी उघडली. भुकटी बसेल. बसू दे. रंजू, तू सांगितलेलं माझ्याच्यानं झालं नाही.

आता एकच मागते. डोळे रंगवताना ती घरात कोणाला बोलू द्यायची नाही. कुकरसुद्धा उतरवून ठेवायला लावायची. भाऊजीही चहा मागायला थांबायचे. डोळे झाले की मग आतून म्हणायची, "बोला आता." तेव्हा घर हालायचं.

तर मंडळी, उभे राहा. दोन डोळे रंगवायला लागतो तेवढा वेळ आपण गप्प राहू. ते डोळे कोणी रंगवणार नाही. आणि "बोला आता" म्हणायलाही कोणी येणार नाही. तुम्ही तुमचं ठरवून खाली बसा. मी उभी राहते.