दोन घोड्यांची कोणाची?

बर दुबईला खाडीपार नेणाऱ्या अब्रा बोटीच्या रांगेत सृष्टीच्या पुढे एक कुटुंब उभं होतं, काका, काकू आणि त्यांची कॉलेजातली मुलगी. मराठी ऐकताच सृष्टीने कानातले इयरफोन काढून खिशात टाकले.

“ठरलं तर. सावंतवाडीची दोन घोड्यांची तुझ्या भावाला, तन्मयला, एका घोड्याची ईश्वरी, तुला. खलास!”

“बाबा, वी हॅव हॉर्सेस?”

“अगं, बंदुकीचा घोडा! मागे असतो तो, ओढायचा. दुनळीला दोन असतात.”

“अहो, पण दुनळी तन्मयला? फुगा फुटला तरी माझ्यामागे लपतो तो.”

“लहान आहे अजून, साधना.”

“सहा फुटांचा झालाय. आता मी पुरत नाही लपायला.”

“घराण्याची रीत आहे. दुनळी थोरल्याची. आजोबांनी बाबांना दिली, बाबांनी मला.”

“आणि तुम्ही दर खंडेनवमीला व्हिडिओ कॉलवरून तिला नमस्कार केलात.”

“बाबा, थोरला मीन्स बॉय?”

“नाही गं. थोरला म्हणजे आधी जन्मलेला.”

“बट आय ॲम ओल्डर! आणि शूटिंग रेंजवर कोण जातं? मी! मला हवीये ती, बाबा. रिअली.”

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी हसू दाबत खाडीकडे तोंड फिरवलं. तेवढ्यात अब्रा धक्क्याला लागली.

“बरं, थोरल्या बाईसाहेब, दुनळी तुमची. यल्ला, आता बोटीत तरी चढा!”

सृष्टीने न राहवून टाळी वाजवली.

“घ्या,” काकू वळून हसल्या, “साक्षीदारही मिळाला. आता शब्द फिरवून दाखवा!”