नाकाच्या भरवशावर

सून : दार लावू का, मॅडम? जरा बोलायचं आहे.

सासूबाई : दार लावून? प्रयोगशाळेत सासू-सून नाही, हे तू कामाला लागलीस तेव्हाच ठरलंय. घरचं घरी बोल.

सून : (दार लावत) कामाचंच आहे. वॉर्डातल्या सात नंबरच्या खाटेवरच्या बाईंच्या जखमेतला पू आला होता, त्याचा रिपोर्ट तुम्ही सकाळी पाठवलात. ‘जंतूंची वाढ नाही.’

सासूबाई : नाहीच. पू लावून ठेवलेली प्लेट कोरी होती.

सून : ही तीच प्लेट. इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि मी मागेच सरले. गटार तुंबल्यासारखी घाण येतेय. प्रोटियस आहे, आई... मॅडम.

सासूबाई : वासावर रिपोर्ट देतात का? प्लेट हुंगायला बंदी आहे, भिंतीवर पाटी आहे.

सून : त्याच पाटीखाली बसून तुम्ही झाकण उघडायच्या आत जंतूचं नाव सांगत आलात. द्राक्षांसारखा वास आला तर स्यूडोमोनास, फुगलेल्या कणकेसारखा आला तर यीस्ट. मला कुणी शिकवलं? आणि वासावर रिपोर्ट द्या असं कुठे म्हणतेय मी? जरा दिव्यासमोर तिरकी धरून बघा.

सासूबाई : ...साय आहे. पातळ. या काठापासून त्या काठापर्यंत.

सून : सगळीकडे सारखीच पसरलीय, म्हणून वरवर बघितलं की कोरी वाटते.

सासूबाई : हे मीच शिकवते सगळ्यांना. नाकाच्या भरवशावर डोळ्यांना कधी कामाला लावलंच नाही. नाक गप्प होतं, म्हणून वाटलं काही नाही.

सून : कधीपासून वास येत नाही?

सासूबाई : मागे सर्दी झाली होती ना. सर्दी गेली, वास काही परत आला नाही.

सून : तरीच. परवा दूध करपून घरभर वास सुटला आणि तुम्ही शेजारीच पेपर वाचत बसलेल्या. मला वाटलं, मुद्दाम उठल्या नाहीत. फार राग आला होता.

सासूबाई : मग तोंडावर बोलायचं होतंस.

सून : तुम्ही तरी कुठे बोललात?

सासूबाई : काय बोलणार? इथे सगळे मला ‘नाकवाल्या बाई’ म्हणतात. नाकच गेलं तर बाईंचं काय काम? म्हटलं, येईल चार दिवसांत, झाकली मूठ सव्वा लाखाची. भीती वाटत होती गं.

सून : मूठ राहू दे. ‘वाढ नाही’ वाचून त्या बाईंचं औषध बंद करतील. मी सांगू का, की माझ्या हातून प्लेटांची अदलाबदल झाली?

सासूबाई : तुझ्या हातून कशी? सही माझी आहे. फोन दे इकडे.

(सासूबाई वॉर्डला फोन लावतात.)

सासूबाई : डॉक्टर, प्रयोगशाळेतून बोलतेय. सात नंबरचा सकाळचा रिपोर्ट चुकला. माझ्याकडून. वाढ आहे, प्रोटियस वाटतोय. कुठलं औषध लागू पडेल ते उद्या कळवते. आजचा डोस दिलात ना?... थांबवणार होतात? नका थांबवू. हो, नक्की. आणि डॉक्टर, मला वास येत नाही. मला म्हणजे मलाच. तुमच्याकडचे कान-नाक-घसावाले कधी बसतात, तेवढं विचारून ठेवा.

सून : पाणी देऊ?

सासूबाई : नको. मी कोऱ्या ठरवलेल्या, अजून टाकल्या नसतील तेवढ्या सगळ्या प्लेटा काढ. मी उजेडात धरते, तू शेजारी उभी राहा.

सून : काढते. आई, एक विचारू? घरचं आहे.

सासूबाई : विचार. दार लावलेलंच आहे.

सून : त्या सर्दीपासून तुम्ही माझ्या भाजीला एकदाही नावं ठेवली नाहीत. मी माहेरी फोन करून सांगितलं, अखेर माझ्या हाताला चव आली म्हणून.

सासूबाई : चवीचं मला नको विचारू. पण नावं ठेवली नाहीत की तू जेवताना गप्पा मारत बसायचीस. त्यासाठी मी रोज दुसऱ्यांदा वाढून घेत होते.